लेलिसेला कोणी नाही

मोटार अंगणाबाहेर थांबली तेव्हा दुगासानं सगळ्यात आधी उतरणारी माणसं मोजली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण मोजण्यापुरतं दिसत होतं. ड्रायव्हर एक. मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेचा मेस्फिन दोन. मग एक लांबलचक गोरा पुरुष, एक गोरी बाई आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची, गुडघे खरचटलेली मुलगी. पाच. आणि मोटारीचं दार बंद झालं.

"माझी पोरगी कुठाय?" त्यानं विचारलं.

"आबा, आधी पाहुण्यांना बसू तरी द्या," मेस्फिन म्हणाला. "लेलिसेला जरा सर्दी झालीय. अदिस शहरातून इथवर चार तासांची धूळ. डॉक्टर नको म्हणाले."

नातीला पाच वर्षांत झालेल्या सगळ्या सर्द्या दुगासाला आठवत होत्या. त्यातल्या एकीनंही तिला झाडावर चढण्यापासून थांबवलं नव्हतं. पण त्यानं पाहुण्यांना बसायची खूण केली. सर्दी आहे म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालून सर्दी जात नाही.

लेलिसेचा बाप टोलेरा, म्हणजे दुगासाचा एकुलता एक मुलगा, तापानं गेला. त्यामागून आठ महिन्यांनी तिची आई गेली. राहिला म्हातारा आणि ती. तिला कालवण शिजवून घालणं, टेफ नावाच्या बारीक धान्याची भाकर भाजणं हे दुगासा शिकला असता. वेणी घालायलाही शिकला होता, वाकडी का होईना. पण एके दिवशी नांगर जुंपताना त्यानं बैलाला हाकललं आणि बैलाच्या पुढ्यात बसून माती चिवडणारी लेलिसे त्याला दिसलीच नाही. बैलाला दिसली. बैल थांबला. त्या संध्याकाळी दुगासानं स्वतःवर संशय घेतला, आणि त्याच आठवड्यात मेस्फिन गावात आला.

"आपल्यात गुद्दिफचा होतं ना, आबा," मेस्फिन तेव्हा म्हणाला होता, "तस्संच. फक्त घर जरा लांब."

गुद्दिफचा दुगासाला कोणी समजावण्याची गरज नव्हती. त्याच्या चुलत्यानंच एक पोर दत्तक घेतलं होतं. पाच वडीलधारे झाडाखाली बसतात, घेणाऱ्याला खोदून खोदून विचारतात, मग पोराच्या टाळूवर लोणी घालतात आणि घेणारा सगळ्यांसमोर शपथ घेतो. त्या दिवसापासून पोराला एक घर वाढतं. आधीचं घर कमी होत नाही; सणाला पोर इकडे येतं, तिकडेही येतं, आणि लग्नात दोन्ही घरं मानावरून भांडतात. दुगासानं कागदावर अंगठा उठवला तो या हिशेबानं. लेलिसेला मोटारीत बसवलं. त्याला अकरा आठवडे झाले.

म्हणून आज अंगणातल्या उंबराखाली त्यानं सगळी तयारी ठेवली होती. धुरी दिलेल्या भोपळ्यात दूध होतं, पानात लोणी होतं, हातात धरायला हिरवं गवत होतं आणि लोण्यात तळलेली कॉफीची बोंडं होती. फक्त वडीलधारे कमी पडले. तिघं एका लग्नाला गेले होते, आणि चौथ्यानं "गोऱ्यांच्या शपथेचा काय भरवसा, त्यांचा देवही वेगळा आणि घड्याळही," असं म्हणून अंग काढून घेतलं होतं. उरला फिकादू मास्तर.

मेस्फिननं मास्तरकडे बघितलं. "हे कोण?"

"माझा मित्र," दुगासा म्हणाला. "त्याला कान आहेत."

"इंग्रजी येतं का तुम्हाला?"

"छे छे," फिकादू म्हणाला. "थोडंफार व्याकरण."

मेस्फिनचा चेहरा सैल झाला. व्याकरणाला तो कधीच घाबरला नव्हता.

खरं म्हणजे फिकादूनं गावच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि एकतीस वर्षांत ते बोलायला एकही माणूस त्याला भेटला नव्हता. इंग्रजी त्याच्याकडे लग्नातल्या कोटासारखं होतं. जपून ठेवलेलं, डांबराच्या गोळ्या घातलेलं, आणि आता अंगात शिरेल की काखेत फाटेल याचा भरवसा नसलेलं.

लेलिसेला घ्यायला आलेले पाहुणे डेन्मार्कचे होते. पुरुषाचं नाव टॉर्बेन, बाईचं लिस्बेट, मुलीचं सिग्ने. दुगासानं प्रत्येकाच्या हातात गवताची काडी दिली. टॉर्बेननं ती उलटसुलट करून पाहिली, हुंगली आणि खिशात ठेवली. लिस्बेटनं हातांना बाटलीतलं औषध चोळलं, मग आपण काय केलं हे लक्षात येऊन ती लाल झाली आणि कॉफीची दोन बोंडं एकदम तोंडात टाकली. सिग्नेनं चार खाल्ली, आणि पाचव्यासाठी हात पुढे केला. या घरातलं हे एक माणूस बरं आहे, अशी दुगासानं मनात नोंद केली.

मग त्यानं सुरुवात केली. "यांना विचार, स्वतःची मुलगी असताना दुसऱ्याची कशाला हवी? आपल्यात माणूस मूल घेतो ते घर रिकामं असलं तर, नाहीतर मेलेल्या भावाचं असलं तर. यांचं घर रिकामं नाही. मी यांचा भाऊ नाही. मग यांना नक्की हवंय काय? घरकामाला, की म्हाताऱ्या आईचे पाय चेपायला? आणि जमीन वाटताना माझ्या पोरीला कोणता कोपरा देणार, तेही विचार."

मेस्फिन पाहुण्यांकडे वळला आणि इंग्रजीत चार-पाच शब्द बोलला. पाहुणे हसले.

चाळीस वर्षं दुगासानं दलालांमार्फत बैल विकले होते. आपण बोललो त्यापेक्षा दलाल कमी बोलला की तो बैलाचं दावं हाताला एक वेढा जास्त द्यायचा. आज हातात दावं नव्हतं. त्यानं गवताची काडी बोटाला गुंडाळली.

लिस्बेट बराच वेळ बोलली. बोलताना तिनं दोनदा छातीवर हात ठेवला आणि एकदा डोळे पुसले.

"त्या म्हणतात, तुमचं गाव फार सुंदर आहे," मेस्फिन म्हणाला.

"एवढं रडण्यासारखं?" दुगासा म्हणाला. "बरं, हा काय काम करतो?"

टॉर्बेननं हातवारे करून सांगितलं.

"मोठे अधिकारी आहेत," मेस्फिन म्हणाला.

फिकादू दुगासाच्या कानाला लागला. "अधिकारी वगैरे काही म्हणाला नाही तो. म्हणाला, कोणाचं घर जळलं की हा तिथे जातो आणि घर आपोआप जळलं की मालकानं जाळलं, ते शोधतो. विम्याचा माणूस."

"म्हणजे लोकांवर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतो?"

"असंच म्हणावं लागेल."

दुगासाला त्या लांबलचक माणसाबद्दल पहिल्यांदा थोडं बरं वाटलं. त्यानं त्याच्या हातात दुधाचा भोपळा दिला. आणि फिकादूला म्हणाला, "तुला समजतंय तर मग गप्प का बसलायस, गाढवा?"

"ऐकायला येतं रे. बोलायला गेलो आणि चुकलो तर?"

"एकतीस वर्षं पोरांना मारलंस ना चुकलं म्हणून? आता तू चूक. कोणी मारणार नाही."

तेवढ्यात टॉर्बेननं एक प्रश्न विचारला. सरळ दुगासाच्या डोळ्यांत बघून विचारला, म्हणजे मोतीबिंदूत बघून.

"ते विचारतात, लेलिसेचा जन्म कोणत्या महिन्यातला?" मेस्फिन म्हणाला.

"नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यातला. पिवळी फुलं आली होती."

मेस्फिननं ते पोहोचवलं. टॉर्बेननं ते छोट्या वहीत लिहून घेतलं. फिकादूच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

"जन्म नाही विचारला त्यानं," तो कुजबुजला. "ती बाजारात तुम्हाला कधी सापडली, असं विचारलं."

"कोण सापडली?"

"लेलिसे."

"ती माझ्या घरात, माझ्या चुलीशेजारी जन्मली. सुईणीला मी बोकड दिला. सापडली म्हणजे काय?"

"मला काय विचारतोस? मी फक्त ऐकतोय."

टॉर्बेननं आता पिशवीतून एक जाड फाइल काढली. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, परत पहिलं. जळक्या घरात शिरून तो काडीपेटी शोधतो ती अशीच शोधत असणार. मग त्यानं दुगासाच्या छातीकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. एवढं कळायला दुभाष्या लागत नव्हता.

"दुगासा," दुगासा म्हणाला.

टॉर्बेनचं बोट पहिल्या पानावर एका जागी जाऊन थांबलं. तो मेस्फिनशी हळू आवाजात बोलू लागला. मेस्फिन हसला, खांदे उडवले, मग जरा भराभर बोलला, मग घाम पुसला. उंबराखाली चांगली सावली होती.

"काय चाललंय?" दुगासानं विचारलं.

"काही नाही आबा, टंकलेखनाची चूक आहे. किरकोळ."

"मास्तर, ऊठ आणि वाच."

फिकादू उठला. इस्त्री नसलेला कोट सारखा करून तो टॉर्बेनच्या शेजारी उभा राहिला आणि वर्गात वाचून दाखवावं तसं मोठ्यानं वाचलं. आधी इंग्रजीत, मग आपल्या ओरोमो भाषेत. पहिल्या पानावर मुलीचं नाव होतं: लेलिसे टोलेरा दुगासा. दुसऱ्या पानावर होतं: आई-वडील अज्ञात, नातेवाईक कोणी नाही, मुलगी बाजारात बेवारस सापडली, जिथे-तिथे नव्हे, ती सापडली गावातल्या एका वृद्धाला.

प्रकार साधा होता. आजोबा असलेल्या मुलीच्या कागदांना फार दिवस लागतात, कारण आजोबाला विचारावं लागतं आणि आजोबा प्रश्न विचारतात. बेवारस मुलीचं काम झटपट होतं. म्हणून संस्थेतल्या कोणा कारकुनानं दुसऱ्या पानावर दुगासाच्या घराण्याचा निर्वंश केला होता. पण पहिल्या पानावर नाव लिहायला तो बसला तेव्हा हात सवयीनं चालला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव. या देशात त्याशिवाय नाव पुरंच होत नाही. आजोबाशिवाय नाव लिहिणं त्या बिचाऱ्याला सुचलंच नसणार. आपल्याकडे नावं कशी लावतात, हे टॉर्बेननं विमानतळावरून येतानाच ड्रायव्हरकडून खोदून काढलं होतं. तो सगळंच विचारायचा.

"दुगासा नाव फार सर्रास असतं," मेस्फिन दोन्ही भाषांत म्हणाला.

टॉर्बेन मेस्फिनकडे न बघता फिकादूकडे वळला आणि अगदी सावकाश, शब्द सुटे करून विचारलं, "हे त्या मुलीचे कोण?"

फिकादूनं कोटाचं बटण लावलं. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य आलं होतं, आणि ते चौथीच्या पुस्तकातलं निघालं. "हे," तो म्हणाला, "तिच्या वडिलांचे वडील आहेत."

 सिग्नेनं चघळणं थांबवलं. मग लिस्बेट आपल्या नवऱ्यावर तुटून पडली, त्यांच्या भाषेत.

"हे इंग्रजी नाही," फिकादू म्हणाला. "पण भांडण आहे, तेवढं समजतं."

ती दुगासाकडे वळली. मधेच इंग्रजी, मधेच हात. फिकादूनं ते गोळा केलं. "ती म्हणते, आजोबा आहात तर दिलीत कशी? तीन वर्षं खोली तयार करून बसलोय. आता उद्या तुम्ही आणखी काय निघाल? ती म्हणते, तुम्हीही यात सामील आहात का?"

दुगासाला राग आला नाही. याच प्रश्नासाठी त्यानं यांना झाडाखाली बसवलं होतं. फरक एवढाच, की विचारणार तो होता. "तिला सांग, मला दिसत नाही. बैल पोरीच्या अंगावर घातला असता मी. आणि सांग, मला वाटलं गुद्दिफचा आहे."

ते सांगायला फिकादूला बराच वेळ लागला. लोणी, शपथ, दोन घरं, सण. व्याकरण ठिकठिकाणी फाटलं, पण कोट अंगावर राहिला. लिस्बेट खाली बसली, गवतावरच.

"आता याला विचार," दुगासा म्हणाला. "पोरगी परत येईल का? तिच्या नावात मी राहीन का?"

टॉर्बेननं उत्तर द्यायच्या आधी वही मिटली.

"तो म्हणतो, नाही," फिकादू म्हणाला. "त्यांच्या कायद्यात तू तिचा कोणी राहणार नाहीस. नाव बदलेल. तो म्हणतो, दरवर्षी तिला घेऊन येईन असं मी म्हणू शकतो, मनापासून म्हणेन. पण असं मनापासून म्हणणाऱ्या माणसांना तपासायचाच मी पगार घेतो."

आज पहिल्यांदा दुगासाला असं उत्तर मिळालं होतं जे दोन्ही भाषांत सारख्याच लांबीचं होतं. आणि गंमत अशी, की ते ऐकून पहिल्यांदाच त्याला वाटलं, या माणसाकडे पोरगी दिली तर ती बैलापुढे येणार नाही.

परवा अदिसमध्ये कोर्टाची तारीख होती. मेस्फिनला गावातला एक वृद्ध हवाच होता, पोरगी मला सापडली असं कोर्टात सांगणारा. म्हणून मोटारीत दुगासाला जागा होती. फिकादूला नव्हती. तो मागच्या सीटवर सिग्नेच्या आणि पिशव्यांच्या मधे बसला, आणि चार तास तिनं त्याच्याकडून ओरोमोत एक ते वीस आकडे पाठ करून घेतले.

कोर्टाच्या व्हरांड्यात मेस्फिननं दुगासाला खांबाआड नेलं.

"आबा, आत गेल्यावर फक्त 'हो' म्हणा. एक शब्द. नाही म्हणालात तर फाइल अडकेल. या लोकांना पुन्हा यायला जमायचं नाही. पोरीला घरी नेणार? नेऊन काय कराल? तिकडे तिला शाळा आहे, बर्फ आहे, दात तपासायला डॉक्टर आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"उंबर आहे," दुगासा म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही. मेस्फिन खोटारडा होता. म्हणून तो म्हणत होता ते सगळंच खोटं होतं असं नव्हतं. दुगासानं आता संशय स्वतःकडे वळवला. पोरगी आपल्याला हवीय, की आपलं नाव कोणाच्या तरी मागे लागलेलं हवंय? खांबाला टेकून तो विचार करत राहिला. उत्तराआधी पुकारा आला.

न्यायाधीश बाई थकलेल्या होत्या. टेबलावर फायलींचा ढीग होता, आणि प्रत्येक फायलीला त्या तेच प्रश्न विचारत होत्या. त्यांनी आधी पाहुण्यांना विचारलं, "सादर केलेले सगळे कागद खरे आहेत, अशी तुमची खात्री आहे?"

मेस्फिननं दुभाष्याचं काम केलं आणि उत्तरही जवळजवळ देऊनच टाकलं. पण टॉर्बेन उभा राहिला होता. लिस्बेटनं त्याची बाही धरली होती. ओढायला की आधाराला, ते दुगासाच्या डोळ्यांना कळलं नाही.

"नाही," टॉर्बेन म्हणाला. हा शब्द न्यायाधीश बाईंना इंग्रजीतही कळला.

जन्मभर त्यानं इतरांचे दावे फेटाळले होते. आज त्यानं आपला फेटाळला. लिस्बेटनं बाही सोडली आणि भिंतीकडे बघत राहिली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ओब्बो," त्यांनी मानानं हाक मारली, "तुम्ही मुलीचे कोण?"

कोर्टातली अम्हारिक भाषा दुगासाला बाजारापुरती येत होती. "आजा. तिच्या बापाचा बाप."

"ठीक. मग खोटा कागद बाजूला ठेवू. नवा, खरा कागद करता येईल. आजोबा म्हणून तुम्ही तिला यांना देता का? विचार करून सांगा. दिलीत तर कायमची."

"कायमची म्हणजे कशी? तिचं लग्न ठरलं तर मला विचारायला येतील?"

"कायद्यानं यावं लागणार नाही."

"मी मेलो तर तिला कोणी कळवेल?"

"कळवायला कायद्यानं कोणी बांधलेलं नसेल."

दुगासानं टॉर्बेनकडे पाहिलं. तो वेगळं काही सांगेल, एखादं वचन तरी देईल, असं क्षणभर वाटलं. भाषांतर ऐकून त्या माणसानं फक्त मान डोलावली. बाई म्हणतात ते बरोबर आहे.

"मग नाही," दुगासा म्हणाला. "माणूस चांगला आहे. पण हे गुद्दिफचा नव्हे. हे तर मयत झालं, आणि पोरगी जिवंत आहे."

बाईंनी फाइलवर काहीतरी लिहिलं, मुलीला आजोबांच्या ताब्यात देण्याचा हुकूम काढला आणि मेस्फिनला थांबायला सांगितलं. तो थांबला, आणि झाल्या प्रकाराचा खुलासा तीन भाषांत, अस्खलित, देऊ लागला.

व्हरांड्यात लिस्बेट समोर आली. तिच्या हातात लाल, कापूस भरलेला लहान कोट होता. तिनं तो पुढे केला. दुगासा मागे सरकला. कोट घेतला म्हणजे आपण कशाला बांधले जातो, हे त्याला कळेना.

"घे रे," फिकादू म्हणाला. "शपथ नाहीये ती. कोट आहे."

त्यानं घेतला. लिस्बेट वळून मोटारीकडे गेली. सिग्ने मात्र रडत रडत वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवून गेली. चौदा चुकली. फिकादूनं तिला दुरुस्त केलं नाही.

संस्थेच्या घरात मुलं रांगेत बसून जेवत होती. लेलिसेनं दुगासाला बघितलं आणि चमचा खाली ठेवला. सर्दीचा मागमूस नव्हता. ती धावत आली नाही. चालत आली, आणि चार हातांवर थांबली.

"चार दिवसांनी येतो म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"मी मोजलं. खूप वेळा चार झाले."

"चुकलं माझं. आता बसनं घरी जाऊ."

"इथली बाई म्हणते, मी विमानात बसणार. तू म्हणतोस बसमध्ये. खरं कोण बोलतंय?"

"बसमध्ये. चल, दाखवतो."

"आधी दाखव."

दुगासानं बसची तिकिटं काढून तिच्यासमोर धरली, मग ती आली. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, तिनं ती घेतली नाही. फिकादू म्हणाला, घरी गेल्यावर माझी बायको वेणी घालेल, सकाळी बैल सोडायच्या आधी पोरीला आमच्याकडे आणून सोडत जा, पुढचं पुढे बघू. दुगासानं मान डोलावली. एवढ्यानं निभेल का, याची त्याला मुळीच खात्री नव्हती.

शहर मागे पडलं, टेफची शेतं आली, उन्हानं बस तापली. दुगासानं लाल कोट पोरीच्या मांडीवर ठेवून पाहिला. तिनं तो परत त्याच्या मांडीवर ठेवला. बस थांब्यावर थांबली किंवा दुगासा जरा हलला, की ती ताठ होऊन दाराकडे बघायची. वाटेतल्या आंबो गावाच्या अलीकडे तिला पेंग आली. झोपण्याआधी तिनं त्याच्या पांढऱ्या गाबीचं, पांघरलेल्या जाड शालीचं, टोक ओढून घेतलं, आपल्या मनगटाला दोन वेढे दिले आणि मूठ घट्ट मिटली. जवळीक म्हणून नव्हे. म्हातारा मधेच उतरून गेला, तर जाग यावी म्हणून.

दुगासा पाय आखडून, न हलता बसून राहिला.